तीन शिट्ट्या म्हणजे मागे फिरणे

८ जानेवारी १९३५, मंगळवार. बोरमाळ कुरण, मुक्काम तंबू.

काल सायंकाळी सोलापूरहून गाडीने वळसंग, तेथून बैलगाडीने साडेतीन मैल. हाडे सगळी आहेत, पण जागच्या जागी नाहीत. तंबूत धूळ. ट्रंकेत धूळ. ट्रंकेतल्या झाकणबंद डब्यातल्या लाडवांवरही धूळ. पाणी मचूळ आणि चहा त्याच पाण्याचा. शी.

काम असे. चारशे एकर राखीव गवत. चैत्र-वैशाखात भोवतालच्या सात गावांची जनावरे यावर जगतात. पश्चिमेच्या कडेने गाडीरस्ता. गाडीवान विड्या ओढतात, थोटके कुरणात टाकतात आणि दर उन्हाळ्यात आग लागते. उपाय सोपा. रस्त्याच्या कडेचा गवताचा पट्टा आपणच आधी, आग ताब्यात ठेवून, जाळून टाकायचा. मग थोटूक पडले तरी पेटायला काही उरत नाही. याला जाळपट्टा म्हणतात. पंधरा फेब्रुवारीच्या आत झाला पाहिजे. मोठे साहेब जातीने पाहायला येणार.

मी अकरा महिने हंगामी सुपरिंटेंडेंट आहे. पट्टा नीट झाला की कायम होणार. कायम झालो की पुण्याला बदली मागायची. हंगामी माणसाच्या बिऱ्हाडी यायचे नाही असे सौ.ने माहेरूनच कळवले आहे. म्हणजे माझा संसार या पट्ट्यावर अवलंबून आहे. काळजीचे कारण नाही. असली कामे अडाणी माणसेही करतात. मी तर दोन पुस्तके वाचून आलो आहे.

९ जानेवारी, बुधवार.

हाताखाली एकच इसम. संगप्पा, कुरणाचा राखणदार. बायकोशी कानडीत बोलतो, माझ्याशी मराठीत. माझ्या प्रत्येक हुकमाला एकच उत्तर देतो, "बघू की." शिस्त लावावी लागेल.

कुरणाच्या उत्तरेला धनगरांची वस्ती. गुंडा नावाचा म्हातारा, त्याची बायको केराबाई, दोन-चार झोपड्या आणि दीडशे मेंढरे. वारा तिकडून आला की तंबूत बसवत नाही. हा वास कपड्यांत शिरतो, चहात शिरतो. लाडवाला तर आजच येऊ लागला. मेंढरे रोज कुरणाच्या मधून दक्षिणेच्या ओढ्यावर पाण्याला जातात. आजपासून बंद केले. लांबच्या वाटेने, कुरणाला वळसा घालून जावे असे बजावले. गुंडा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

११ जानेवारी, शुक्रवार.

गुंडा आला. अंगावर घोंगडी, घोंगडीला तोच वास. मी नाकाला रुमाल लावून सर्दी झाल्याचे सांगितले.

त्याने न विचारता मला आग शिकवली. म्हणे पट्टा पहाटे जाळावा, दव असताना. वारा ज्या अंगाला वाहतो त्या अंगाकडून पेटवावे, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट रांगत जाते, धावत नाही. ऊन वर आले की हात झटकून घरी जावे. आणि मागे राहिलेले शेण उलटून पाहावे, ते आतून दोन-दोन दिवस धुमसते. यातले बरेचसे माझ्या पुस्तकातही आहे, पण इंग्रजीत असल्यामुळे जास्त पटते.

मग मूळ मुद्द्यावर आला. म्हणाला, "साहेब, जाळता कशाला? मला पंधरा दिस मेंढरं पट्ट्यावर बसवू द्या. जमिनीला चिकटून खात्यात. काडी ऱ्हात न्हाय, मग आग चालंल कशावर?"

मी समजावून सांगितले की राखीव कुरणात मेंढरांना मनाई आहे आणि आगीपासून बचावाचे शास्त्र मेंढरांच्या तोंडात देता येत नाही. तो गेला. वास गेला नाही.

आजपासून नियमावली लिहायला घेतली. सात नियम झाले. नियम एक: ओला रुमाल हातात उंच धरावा. रुमाल हलला तर त्या दिवशी जाळू नये. हा माझा स्वतःचा शोध आहे.

१४ जानेवारी, सोमवार. सोलापूर.

संक्रांत. मजूर एकूण एक गड्ड्याच्या जत्रेला पळाले. एकट्याने माळावर बसून काय करणार? बादल्या खरेदीसाठी मीही सोलापुरात आलो. निव्वळ सरकारी काम.

१६ जानेवारी, बुधवार. सोलापूर.

अजून सोलापुरातच. बादल्यांच्या दुकानांना जत्रेमुळे सुट्टी. नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली, वाटेतच होती. आज शोभेचे दारूकाम पाहिले, तेही आगीचा अभ्यास म्हणून. निष्कर्ष: उडवणाऱ्यांनी एकही नियम वाचून दाखवला नाही. लोकांच्या जिवाची कोणाला पर्वाच नाही. घृणा आली. शेवटपर्यंत थांबलो.

१८ जानेवारी, शुक्रवार. बोरमाळ.

बादल्या टांग्यात राहिल्या. टांगेवाल्याचा निष्काळजीपणा. पण एक उत्तम विलायती शिट्टी आणि थर्मामीटर आणले. आगीशी लढताना हुकूम ऐकू जाणे हे पाण्यापेक्षा महत्त्वाचे.

येथे येऊन पाहतो तो अनर्थ. मी चार दिवस नाही असे पाहून गुंडाने मेंढरे मधूनच नेली. नेली म्हणजे काय, बसवली. वस्तीपासून ओढ्यापर्यंत, कुरणाच्या बरोबर मधून, पन्नास हात रुंदीचा पट्टा खाऊन साफ. जमीन हजामत केल्यासारखी. वर लेंड्यांचा सडा. माझ्या बुटांची दशा लिहिण्यासारखी नाही.

हाती लागली ती अडतीस मेंढरे कोंडवाड्यात घातली. कोंडवाडा म्हणजे तंबूशेजारचे काट्यांचे कुंपण. दुसरी जागा नाही. आता वास पाहुणा राहिला नाही, बिऱ्हाडकरू झाला.

केराबाई दुपारी आली. भांडायला आली असेल म्हणून मी कलमे तयार ठेवली होती. ती भांडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आमी चोरून चारलं, व्हय. पर पट्टा तुमच्याच कामाचा हाय. हे गवत जळालं तर वैशाखात सात गावची जनावरं काय माती चाटतील?" मी म्हटले गवत जळणार नाही, त्यासाठीच मी आलो आहे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ते पाहणे मला आवडले नाही.

२१ जानेवारी, सोमवार.

नियम चौदा झाले. आज मजुरांची रिहर्सल. शिट्टीची भाषा ठरवली. एक शिट्टी म्हणजे पेटवणे. दोन म्हणजे ओल्या फांद्यांनी झोडपणे. तीन म्हणजे हातातले काम टाकून सर्वांनी मागे फिरून गाडीरस्त्यावर जाणे. वीस मजूर, प्रत्येकाच्या हातात लिंबाची फांदी. देखावा लष्करी होता.

एक शिट्टी. ठीक. दोन शिट्ट्या. ठीक. तीन शिट्ट्या दिल्या मात्र, मजूर जागचे हलले नाहीत आणि कोंडवाड्यातली अडतीस मेंढरे काट्यांचे फाटक मोडून बाहेर पडली. माझ्या दोन्ही बाजूंनी, आणि काही मधूनही, वस्तीकडे पळाली. मागाहून संगप्पाने खुलासा केला की धनगर दोन बोटे तोंडात घालून तीन शिट्ट्या देतात तेव्हा कळप घराकडे वळतो. आधी का नाही सांगितलेस, असे विचारले. म्हणाला, तुम्ही नियम करत होता की.

मेंढरे दया म्हणून सोडली, असे रजिस्टरात लिहिले. खरे पाहता दयाच होती. मी चौथी शिट्टी दिली नाही.

मजुरांकडून तीन शिट्ट्यांचा सराव दुपारपर्यंत करून घेतला. आता झोपेत दिली तरी रस्त्यावर जाऊन उभे राहतील.

२८ जानेवारी, सोमवार.

आज जाळायचे ठरले होते. पहाटे दव उत्तम, वारा नाही, मजूर हजर. पण रद्द केले. कारण नियम एकवीस: प्रत्येक नियम कामापूर्वी मोठ्याने वाचावा, कानडीत सांगावा आणि त्याखाली प्रत्येक मजुराचा अंगठा घ्यावा. अंगठ्याची शाई सोलापूरहून आली नाही. नियम पाळला नाही तर नियम करायचा कशाला? काही विपरीत घडले तर "आम्हांला ठाऊक नव्हते" असे कोणी म्हणता कामा नये. सुरक्षिततेचा पाया तो.

गुंडा रस्त्यावरून जाता जाता म्हणाला की आजच्यासारखी पहाट महिन्यातून चारदा येते. मी म्हटले, शाई आणखी दुर्मिळ आहे.

जेवणात पुन्हा ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. तिखटाने डोळ्यांत पाणी. दोन भाकऱ्या कशाबशा घशाखाली ढकलल्या. मग तिसरी.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.

शाई आली. वाळलेली. पुन्हा मागवली. मधल्या वेळात नियम तेवीस केले. आता या कामात धोका म्हणून उरलाच नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

शाई आली. पत्रही आले. मोठे साहेब नऊ तारखेला सकाळी येणार. म्हणजे आठला जाळणे भाग. वस्तुतः मी आठच तारीख मनात धरली होती.

सौ.चेही पत्र. आईंनी विचारले आहे, की जावई कायम होणार ते नक्की ना? उत्तर लिहिले: नऊ तारखेनंतर तारेने कळवतो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे ५-१०.

उठलो. दव भरपूर. वारा मुळीच नाही. मजूर वीसपैकी वीस. परमेश्वर खात्याच्या पाठीशी आहे.

५-४०. नियमवाचन सुरू.

६-५०. नियम सात. माझा नियम पाच ओळींचा आणि संगप्पाचे कानडी दोन शब्दांचे. हरकत घेतली. पुन्हा सांगायला लावले. आता तीन शब्द.

८-१५. नियम चौदा. एका मजुराने विचारले, विडी ओढू नये हा नियम काम संपल्यावरही लागू आहे काय? प्रश्न योग्य. पोटनियम केला. तो वाचला. कानडीत सांगितला.

८-४०. गुंडा आला. म्हणाला, "दव उडालं, साहेब. आता आज ऱ्हाऊ द्या. पेटवू नगा." वाचन चालू असताना मधे बोलणे नियम दोनच्या विरुद्ध आहे, हे त्याला दाखवले. त्याला वाचता येत नाही. वाचून दाखवले.

९-५०. अंगठे. तेवीस नियम, वीस मजूर. सगळ्यांचे हात निळे. माझ्या सदऱ्यावरही तीन अंगठे. ओंगळ प्रकार.

१०-२०. रुमाल धरला. थोडा हलला. रुमाल फारच पातळ आहे, सुरतेचा. टॉवेल ओला करून धरला. टॉवेल हलला नाही. नियम एक पाळला गेला.

१०-३०. पेटवण्याची बाजू. गुंडाच्या म्हणण्याप्रमाणे कुरणाच्या आतल्या बाजूने पेटवायचे तर धुरात उभे राहावे लागते. रस्त्याच्या बाजूने पेटवले तर धूर पलीकडे जातो आणि हुकूम नीट देता येतात. रस्त्याची बाजू नक्की केली.

१०-३५. एक शिट्टी.

त्याच दिवशी, सायंकाळ. संगप्पाच्या ओसरीवरून.

पेन्सिलीने लिहितो. दौत नाही. तंबूही नाही.

प्रथम सर्व व्यवस्थित होते. पट्टा पेटला आणि मी घड्याळ पाहिले. मग पश्चिमेकडून वारा सुटला. एकदम नाही, हळूहळू. पण आगीला तेवढे पुरले. तिने पट्ट्याची हद्द पाहिलीच नाही. गवत कमरेइतके आणि सुकलेले. डोळ्यांदेखत ती धावत सुटली आणि माझ्या तंबूवर गेली.

दोन शिट्ट्या दिल्या. मजुरांनी झोडपले. झळ असह्य झाली तेव्हा नियमाप्रमाणे तीन शिट्ट्या दिल्या. माझ्या शिक्षणाचे चीज झाले. वीसच्या वीस मजूर फांद्या टाकून मागे फिरले आणि गाडीरस्त्यावर रांगेत जाऊन उभे राहिले. एक आगळीक नाही.

नंतर वाऱ्याचा जोर क्षणभर ओसरला, तेव्हा त्यांना पुन्हा पुढे बोलवायला हवे होते. परत येण्याची शिट्टी तेवीस नियमांत नव्हती. मी ओरडलो, हात केले. ते रांगेतून माझ्याकडे पाहत राहिले. ओरडण्याला कोणी अंगठा दिला नव्हता.

मी आगीच्या मागे धावलो. का धावलो ते सांगता येत नाही. धुरात दिशा कळेना. भीती वाटली. येथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार भीती वाटली. कोणीतरी मनगट धरून ओढले. केराबाई होती. एवढ्या काटकुळ्या बाईला इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. तिने मला ओढत नेऊन त्या खाल्लेल्या पट्ट्यात, लेंड्यांवर, आपटले.

आणि तेथे आग थांबली.

आली, पट्ट्याच्या कडेला आली, आणि पुढे खायला काही नाही म्हणून खाली बसली. ज्या ठिणग्या पलीकडे उडाल्या त्या वस्तीवरची माणसे ओढ्यात भिजवलेल्या घोंगड्यांनी मारत होती. गुंडा हातांनीही मारत होता. त्याच्या घोंगडीचा तुकडा पेटला तेव्हा तो त्याने मुठीतच विझवला.

पश्चिमेचे ऐंशी एकर काळे झाले. बाकीचे तीनशेवीस उभे आहेत.

गुंडाच्या दोन्ही तळव्यांना फोड आले आहेत. पोळल्यावर लावायचे औषध माझ्या पेटीत होते. पेटी तंबूत होती. केराबाईने चुन्याची निवळी तेलात घोटून लावली. मी जवळ उभा होतो. गुंडा म्हणाला, "तुमच्या तीन शिट्ट्यांनी मेंढरं बचावली की. पट्ट्यावरच व्हती, शिट्टी ऐकली आन् घराकडं वळली." तो चेष्टा करत नव्हता. करत असता तर बरे झाले असते.

नियमावली अंगठ्यांसकट जळाली. ओव्हरकोट जळाला. थंडी आहे. संगप्पाने घोंगडी दिली. घेतली नाही. मग घेतली.

९ फेब्रुवारी, शनिवार.

मोठे साहेब आले. काळ्या बाजूने चालत पट्ट्यापर्यंत गेले, वाकून जमीन पाहिली, पायाने लेंडी उडवली. विचारले, हा पट्टा कोणी केला? मी म्हणालो, खात्याने. साहेबांनी संगप्पाकडे पाहिले. संगप्पा म्हणाला, "मेंढरांनी." इतका तोंडाळ माणूस मी पाहिला नाही.

लेखी रिपोर्ट मागितला आहे.

१० फेब्रुवारी, रविवार.

सकाळी काळ्या भागात फिरलो. शेणाच्या गोवऱ्या अजून आतून धुमसत होत्या. काठीने उलटल्या. गुंडाने सांगितले होते म्हणून नव्हे, पुस्तकातही आहे.

मग रिपोर्ट. प्रथम खरे काय ते सरळ लिहिले. वाचून पाहिले. त्यात मी कायम होत नव्हतो. पुन्हा लिहिला. मुख्य परिच्छेद असा: "खाली सही करणाऱ्या सुपरिंटेंडेंटने पश्चिमेकडील धोका आगाऊ ओळखून कुरणाच्या मध्यभागी मेंढरांकरवी संरक्षक पट्टा तयार ठेवण्याची पद्धत स्वतः शोधून अमलात आणली, त्यामुळे तीनशेवीस एकर गवत बचावले." यात खोटे काय आहे? मी चार दिवस सोलापुरास गेलो नसतो तर मेंढरे आत आली असती काय?

गुंडाचे नाव घालावे असे मनात आले. पण रिपोर्ट लांबला असता. साहेबांना थोडक्यात आवडते.

संध्याकाळी वस्तीवर गेलो. गुंडा भाकरी केराबाईच्या हातून खात होता. त्याला बोटे वळवता येत नाहीत. लवकर परतलो.

२० फेब्रुवारी, बुधवार.

ऑर्डर आली. कायम झालो.

ऑर्डर पुन्हा वाचली.

"श्री. त्र्यं. वि. कुंटे यांनी शोधून काढलेली पद्धत खात्यातील दुसऱ्या कोणासही अवगत नसल्याने त्यांना बोरमाळ येथे कायम करण्यात येत आहे. बदलीचा अर्ज विचारात घेता येणार नाही. कुरणाच्या चारही हद्दींवर सदर पद्धतीने पट्टे करावेत. काम नाजूक असल्याने श्री. कुंटे यांनी रोज स्वतः कळपाबरोबर चालावे आणि किती हात चरले गेले त्याची नोंद ठेवावी." खाली साहेबांनी हाताने लिहिले आहे: "अभिनंदन. मेंढरांचेही." ही चेष्टा की कौतुक, ते कळले नाही. संगप्पाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "बघू की."

सौ.ला तार केली. फक्त "कायम". कुठे ते लिहिले नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार.

सौ.चे पत्र. आईंनी पेढे वाटले. पुण्यात जागा पाहायला सुरुवात केली आहे. बिऱ्हाडाला दोन खोल्या पुरतील की तीन?

उत्तर द्यायचे आहे. उद्या.

४ मार्च, सोमवार.

मेंढरांबरोबर आठवा दिवस. उत्तर हद्द. आज एकशेचाळीस हात चरले. काल एकशेतीस. प्रगती आहे.

धूळ, ऊन, लेंड्या. एक मेंढी माझी नोंदवही खाऊ लागली आहे. मागचे पान गेले. त्यावर परत बोलवण्याची शिट्टी लिहिली होती. चार शिट्ट्या. आता नियम चोवीस होणार नाही.

गुंडाचे फोड फुटून कातडे येत आहे, पण बोटे तोंडात घालून शिट्टी देता येत नाही. म्हणून माझी विलायती शिट्टी त्याच्या गळ्यात बांधली. खात्याची वस्तू, पण काम अडता कामा नये. केराबाईने दुपारी मलाही भाकरी बांधून दिली होती. वर चटणी. खाता खाता गुंडा म्हणाला, की मोठ्या साहेबांनी आपले भले केले, आता कुरणात मेंढरे चोरून चारावी लागत नाहीत. तुम्ही सांगितले असणार, म्हणाला.

रिपोर्टात त्याचे नाव नाही, हे तेव्हा सांगायचे होते. मी नुसती मान हलवली. कोणत्या दिशेने, ते आठवत नाही.

दुपारनंतर पट्ट्याच्या टोकाला बसलो. अंगावर घोंगडी. वास येत नाही, हे लक्षात आले. आधी वाटले नाक बिघडले. मग संगप्पा तंबूची जुनी मेख परत द्यायला आला. मेख हातात देताना थोडा मागे सरला आणि त्याने नाकाला हळूच उपरण्याचा पदर लावला. सर्दी झाली आहे, म्हणाला.

तो गेला. सौ.चे पत्र खिशातून काढले, खोल्यांचा मजकूर पुन्हा वाचला आणि आज उत्तर लिहायचेच असे नक्की ठरवले. पेन्सिल काढली. एवढ्यात पलीकडून गुंडाने तीन शिट्ट्या दिल्या. मेंढरे वळली. मी उठलो, पत्र खिशात टाकले, काठी घेतली आणि वस्तीच्या दिशेने बरेच अंतर चालून गेल्यावर माझ्या लक्षात आले की शिट्टी मला नव्हती.

मग तसाच गेलो.